बोट लागणाऱ्या कोळ्याचा तेजोमेघ

पनवेलच्या कोळीवाड्यात आनंदासारखा कोळी आधी झाला नव्हता आणि पुन्हा होऊ नये म्हणून त्याची आई देवीला नारळ देत असे. पोराला बोट लागायची. होडी अजून खुंट्याला बांधलेली असतानाच हा काठावर ओणवा. बाप दादू हा नावाजलेला तांडेल, होडीवरचा म्होरक्या. त्याने दोन-चार हंगाम पोराला दर्यावर नेऊन पाहिलं आणि मग हात टेकले.

"जाळ्यात येतं त्याच्यापेक्षा जास्ती हा पान्यात टाकतो," म्हणून त्याने आनंदाला मुंबईला, ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत धाडून दिलं. तिथली जमीन हलत नव्हती, त्यामुळे आनंदा टिकला. फोटो काढायला शिकला, आणि एकोणीसशे पन्नासच्या सुमारास परत येऊन त्याने पनवेलच्या बाजारात स्वतःचा स्टुडिओ थाटला. लग्न झालं मैनाशी. मैना मासळी बाजारात बसायची, तेव्हा घरात आवाज कुणाचा मोठा हे सांगायला नको.

लग्नसराई संपली की स्टुडिओत माश्या. अशाच एका दुपारी रद्दीतल्या इंग्रजी मासिकात त्याला एक फोटो दिसला. काळ्या आकाशात पंख पसरून बसलेला पांढरा धूर. खालचा मजकूर त्याने शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. मृग नक्षत्रातला तेजोमेघ. फोटो काढणारा एक दातांचा डॉक्टर, घरी बनवलेल्या दुर्बिणीतून. आनंदाला तेजोमेघाचं फारसं काही वाटलं नाही. त्याला त्या डॉक्टरचा राग आला. दात उपटणाऱ्याला जमतं, आणि आपण धंद्याने फोटोग्राफर!

मोडीत काढलेल्या आगबोटीच्या खिडकीची जाड काच त्याने मुंबईहून मिळवली. मासिकात होतं तसं ती पिंपावर मांडलेल्या दुसऱ्या काचेवर ठेवून, मध्ये खरखरीत भुकटी आणि पाणी घालून, पिंपाभोवती फिरत फिरत घासायला लागला. आख्खा पावसाळा घासली.

"काय गो, तुझा दादला काचेची चटनी वाटतो काय?" शेजारणी मैनाला विचारायच्या.

"मिरच्या वाटायला सांगितल्या तर हात दुखतात त्याचं," मैना म्हणायची.

काच खोलगट झाली, तिच्यावर चांदीचा मुलामा चढला, पत्र्याचे डबे करणाऱ्याने लांबलचक नळी करून दिली, आणि घरामागच्या अंगणात तोफेसारखं एक धूड उभं राहिलं.

खरी पंचाईत पुढेच होती. तेजोमेघ इतका फिका, की काचेची प्लेट तासभर उघडी ठेवायला हवी. आणि आकाश तर एकसारखं सरकत राहणार. म्हणून मोठ्या नळीला एक छोटी दुर्बीण बांधलेली, तिच्यात दोन केस ताणून केलेली फुली. त्या फुलीवर एक तारा धरायचा, आणि तो ढळला की बैठकीला जोडलेलं जुन्या शिवणयंत्राचं चाक किंचित फिरवून सगळं धूड त्याच्या मागे न्यायचं.

जानेवारीत, दिवेलागण उलटून मृग पूर्वेला चांगला वर आल्यावर, आनंदाने डोळा लावला. तारा फुलीवरून हळूच घसरला, परत आला, डोलला, थरथरला. आनंदा कसाबसा तुळशीपर्यंत पोचला आणि तिथे त्याने दुपारचं सगळं जेवण ओकून काढलं. पुढल्या खेपेला उपाशी बसून पाहिलं, तरी तेच.

"जमिनीवर बोट लागनारा मानूस मी पयल्यांदा बघते," मैना म्हणाली. "सरका. मना दावा काय धरायचं ते."

"तासभर हलायचं नाय, मैने."

"मी दिवसभर पाटीपुढं बसते. तुमी तवर बांगडं साफ करा."

उजेडाने प्लेट खराब होईल म्हणून दिवा लावायची सोय नव्हती. आनंदा अंधारात चाचपत बांगडे साफ करत बसला आणि मैना नळीला डोळा लावून पुटपुटत राहिली, "पळतोय मेला... आला, आला." मध्येच म्हणाली, "लगीन झाल्यापासून तुमच्याकडं एवढा येळ बघितलं नाय मी." आनंदाच्या बोटात काटा घुसला, तो उपटून त्याने पुढचा बांगडा चाचपला.

स्टुडिओच्या लाल दिव्याखाली त्याने प्लेट धुतली. आधी काचेवर ताऱ्यांचे काळे ठिपके उमटले. मग त्यांच्याभोवती एक धुरकट डाग आला आणि एका अंगाने पंखासारखा पसरत गेला. आनंदा ओल्या हातांनीच घरी धावला.

"मैने, आला!"

"कोन आला?"

मोठा करून, फ्रेम करून त्याने तो फोटो दुकानाच्या काचेत मधोमध लावला. तिथे आधी शकूच्या लग्नाचा फोटो होता. शकूचा बाप बळीराम गव्हाण गावचा, मिठागरवाला. तो बाजाराला आला आणि दारातच थबकला.

"आमचे शकूचा फोटू कुठं हाय? आनि हा एक्सरे कुनाचा?"

"एक्सरे नाय, बळीरामभाऊ. मृग हाय."

बळीरामचा चेहरा उतरला. मृग लागला की पाऊस, आणि पाऊस म्हणजे मिठाचा हंगाम बुडाला. "माझे पोरीला उतरवून मृग टांगलास?" एवढंच बोलून तो गेला.

आणि नेमका त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस कोसळला. भर हंगामात मिठाच्या राशी निम्म्या विरघळल्या. दुसऱ्या दिवशी बळीराम निम्मं गव्हाण घेऊन स्टुडिओसमोर हजर. "उतरव तो फोटू!"

आनंदाने समजावून पाहिलं. "अवो, हा उजेड हजार वर्सांपूर्वी निगाला तिथून."

"निगाला आसल. पन पोचला ना आमचे मिठावर!"

गलका ऐकून मैना रिकामी पाटी घेऊन मासळी बाजारातून आली. पाटी तिने पायरीवर आदळली.

"पाऊस पाडायची अक्कल माझे नवऱ्याला आसती, तर मी बाजारात बोंबील इकत बसले आसते काय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं गव्हाण हसायला लागलं. बळीराम सगळ्यात शेवटी हसला, पण हसला.

"आनि तुमी," मैना नवऱ्याकडे वळली, "शकूला जागेवर लावा. लगीन तिचं झालं, मृगाचं नाय."

आनंदाने फोटो उतरवला. त्याला ते फार लागलं. मैनाने त्याला न विचारता फ्रेम उचलली आणि बाजारात आपल्या बसायच्या जागेवर, खांबाला टांगली. हे कळताच तो तणतणत ती आणायला गेला. मैनापुढे गिऱ्हाईक होतं, म्हणून मागेच उभा राहिला.

"हा कसला गं डाग?" एक बाई विचारत होती.

"डाग नाय, बाई. तिथं तारं जन्माला येतात. बाळंतिनीची खोली हाय ती. आमचे मालकांनी फोटू काढला. मुंबईत पन कुनाकडं नसंल आसा."

बाई बराच वेळ बघत राहिली. मग नकळत आवाज खाली आणून तिने विचारलं, "आणि पापलेट कसं दिलंस?"

मैनाने भाव चांगला चढवून सांगितला. बाईने घासाघीस केली नाही.

आनंदा फ्रेम न घेताच परत फिरला. पुढे कित्येक वर्षं ती तिथेच होती. काचेवर मासळीचे खवले उडून चिकटायचे आणि तेजोमेघात रोज नवे तारे निघायचे. येता-जाता आनंदा ते नखाने खरवडून काढायचा.