डाव्या चाकाचे उलटे आटे

भूत, मुंजा, चकवा यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या सदरात लोक लिहितात ना, पांढऱ्या साडीतली बाई दिसली आणि वळून पाहिलं तर गायब… ते वाचून अंक आपटणारा मी माणूस आहे. उभं आयुष्य ओव्हरसियरकी केली. टेप लावून मोजता येतं तेवढं खरं, बाकी गप्पा. खालचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा. फक्त मला तावीज-उतारे सुचवू नका, तसली पत्रं बंबात घालीन.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. पारनेरपासून नऊ मैलांवर, माळाच्या उताराला पाझर तलावाचं काम होतं. सहाशे माणसं. पुरुष मुरूम खणायचे, बाया पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी वाटली जायची. त्या कामावर मी होतो. वय सत्तावीस, डोक्यात हवा.

ऑफिसने मला जीप दिली होती. लष्कराने मोडीत काढलेली, नगरच्या कॅम्पातून आलेली म्हातारी जीप. तिच्याबरोबर ड्रायव्हर आला, गेणबा. तोही लष्करातून निवृत्त झालेला, मूळचा श्रीगोंद्याकडचा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला ‘सायेब’ म्हणायचा. पण ते असं म्हणायचा की समोरच्याला शिवी परवडावी.

आमचं पहिल्या दिवसापासून वाकडं. त्या जीपला तो कुणाला शिवू देत नसे. दर शनिवारी जॅक लावून एकेक चाक उतरवायचा, ड्रम काढायचा, ब्रेकवरची धूळ फडक्याने पुसायचा, ग्रीस भरायचा. मला यंत्राची हौस. एकदा म्हटलं, “गेणबा, मला शिकव की चाक काढायला.” त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. “तुमी टेप धरा सायेब. पाना माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.” शेजारी मुकादम तात्याबा उभा होता, तो फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मोठ्या साहेबांच्या तपासणीचा दिवस आला. मला त्यांना घ्यायला जायचं होतं. सकाळी येऊन पाहतो तर जीप दगडांवर, डावं मागचं चाक काढून ठेवलेलं आणि गेणबा कोपरापर्यंत काळा झालेला.

“आत्ता? आजच्या दिवशी?”

“ब्रेकचं तेल गळतंय. घाटात मोट्या सायबाला मारायचा हाय का?”

“लाव चाक. हुकूम आहे माझा.”

“न्हाई लावत.”

मी बैलगाडीत बसून त्यांना आणायला गेलो आणि रिकामाच परतलो. मोठे साहेब दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून माझ्या आधीच कामावर पोचले होते, आणि मी गाडीतून उतरताना पँटला चिकटलेला कडबा झटकत होतो. सहाशे माणसांनी पाहिलं. त्याच दुपारी मी गेणबाविरुद्ध रिपोर्ट लिहिला. आठ दिवसांत तो सस्पेंड.

जाताना तो माझ्या राहुटीसमोर आला. पिशवी खांद्याला. म्हणाला, “सायेब, गाडी तुमाला हाकता यील. पर तिचं चाक तुमच्या हातानं सुटायचं न्हाई.” एवढंच. दीड महिन्याने तात्याबाकडून कळलं, गेणबा गावी वारला. कावीळ झाली होती म्हणे.

मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. सुटलो, असं वाटलं.

नवा ड्रायव्हर काही आला नाही. मी स्वतःच चालवू लागलो. नगरहून पाने आणले, जॅक होताच. इंजिनचं ऑइल बदललं, प्लग साफ केले, फॅनचा पट्टा ताणून घेतला. उजवं पुढचं चाक पंक्चर झालं तेव्हा एकट्याने वीस मिनिटांत बदललं. खाली दगड कसे लावायचे, जॅक चढवायच्या आधी नट जरा सैल कसे करायचे, नट समोरासमोरचे कसे आवळायचे… हे सगळं गेणबाकडे बघून बघूनच शिकलो होतो, पण तेव्हा ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी तात्याबाला ऐकू जाईल असं म्हणालो, “यात काय मोठी विद्या आहे?”

मग एका दुपारी डावं मागचं चाक ग्रीसिंगला काढायला घेतलं. नट हलेना. पाना लावून उभा राहिलो, पान्यावर नाचलो, तरी नाही. गेणबाने मुद्दाम आवळून ठेवलेत, असं म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. वाटलं, चाक उचलून पाहू. जॅक चढवला. सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावलेले, वाऱ्याची झुळूक नाही… आणि जीप जॅकवरून घसरली. हात काढायला अर्ध्या क्षणाचा उशीर झाला असता तर आज डाव्या हाताने लिहावं लागलं असतं. उठून पाहिलं तर पुढच्या चाकांचे दगड तिथे नव्हते. दोन्ही चार हात लांब, एकमेकांशेजारी ठेवलेले.

तात्याबा पळत आला. दगडांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “सायेब, डाव्या अंगाला नगा जाऊ. त्यो गेला न्हाई अजून.”

“दारू पिऊन आलास का?” मी ओरडलो. पण त्या चाकाला मी परत हात लावला नाही, हेही खरं.

पुढच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, खाणीची कड ढासळली. सगळे सुटले, भामाबाई तेवढी सापडली. पंचविशीची बाई, पदरची दोन पोरं घरी ठेवून सासूबरोबर कामावर यायची. मुरुमाखालून काढली तेव्हा मांडी फाटलेली, रक्त थांबत नव्हतं. तात्याबाने आपलं पागोटं सोडून करकचून बांधलं, ते पाहता पाहता लाल झालं. जवळचा दवाखाना पारनेरला, आणि वाहन एकच. मी जीपकडे धावलो.

डावं मागचं चाक जमिनीला टेकलेलं. पूर्ण बसलेलं.

सकाळी मीच हवा पाहिली होती.

स्टेपनी काढली, पाना लावला. हलेना. तात्याबा आला, आणखी तिघे आले. पान्याला पहार अडकवून चौघांनी भार दिला, नट कुरकुरला पण सुटला नाही. मी घामाने आणि भीतीने निथळत होतो. मागे भामाबाई कण्हत होती, तिची सासू नुसती “सायेब… सायेब…” करत होती. मला रडू फुटलं. मेलेल्या माणसाला मी मोठ्याने शिव्या द्यायला लागलो. “गेणबा, माझ्याशी वैर आहे ना? मग या बाईचा जीव कशाला घेतोस, नीच माणसा?”

तेव्हा माझ्या उजव्या कानाशी, अगदी खांद्यापाशी, आवाज आला. खरखरीत. बिडीचा वास.

“उलटं फिरीव, हराम्या. ती मरंल.”

जिवंत असताना गेणबाने मला कधी ‘सायेब’शिवाय हाक मारली नव्हती.

मी वळून पाहिलं नाही. पाना उलटा फिरवला, म्हणजे जसा नट आवळतात तसा. आणि चौघांच्या भाराने न हललेला नट दोन बोटांनी सुटला. पाचही सुटले.

आता यातलं अर्धं मला पुढे कळलं, तेही सांगतो, नाहीतर तुम्हीच पत्र पाठवून शिकवाल. लष्कराच्या त्या जुन्या जिपांना डाव्या बाजूचे आटे उलटे असत, चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. सगळ्या जगाचे नट ज्या बाजूला सुटतात, त्या बाजूला ते आवळले जायचे. बोल्टच्या टोकावर तशी खूणही असायची, ग्रीसखाली बुजलेली. म्हणजे आम्ही चौघं मिळून चाक काढत नव्हतो, आणखी आवळत होतो. ठीक. पण मग चौघांनी पहारीने आवळलेला नट दोन बोटांनी कसा सुटला? आणि मला सांगितलं कुणी? तिथे हे माहीत असणारा एकच माणूस होता, आणि त्याला जाळून तीन आठवडे झाले होते.

स्टेपनी चढवली. नट उलटेच आवळले, एकेक, पायाने दाबून. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पाचही नट मी माझ्या हाताने घट्ट केले. घाईत जॅक आणि पाना तिथेच मुरुमात टाकले. मागे भामाबाईला घेऊन तात्याबा बसला. नऊ मैल खडखडाटात गाडी हाणली, पण जीप जरासुद्धा डगमगली नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तासाभराने भामाबाईने डोळे उघडले. मी जवळ गेलो. ती पुटपुटली, “सायेब… त्यो शिव्या घालनारा बाप्या कोन हुता?”

“कोण? तू कुणाला ऐकलंस?”

“तुमच्या मागं उबा हुता की. लई चिडल्याला.”

तात्याबाने काहीच ऐकलं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. मी बाहेर आलो.

जीप आवारात कडुलिंबाखाली होती. चढायला गेलो आणि थांबलो. माझ्या सीटवर, मी बसतो बरोब्बर त्या जागी, पाच नट ठेवलेले होते. ग्रीस लागलेले. मागे जाऊन पाहिलं. डाव्या चाकाचे पाचही बोल्ट उघडे, चाक नुसतं त्यावर टेकलेलं. झाडाखाली एक म्हातारा केव्हाचा बसला होता, त्याला विचारलं कोण आलं होतं. तो म्हणाला, “कुत्रं बी फिरकलं न्हाई.” आणि पाना तर नऊ मैल मागे मुरुमात पडला होता.

नट तिथे आवारात निघाले की नऊ मैल चाक नटांशिवायच धावलं, मला माहीत नाही. पण त्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला. बाईला पोचवायची होती, पोचवली. आता तू चढून दाखव.

मी चढलो नाही. उन्हातून नऊ मैल चालत कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी नगरहून ड्रायव्हर आला, त्याने नट लावले आणि शिटी वाजवत जीप घेऊन गेला. ती पुढे कितीतरी वर्षं चालली म्हणे. कुणाला कधी काही झालं नाही.

आता एक गोष्ट, जी वर लिहिताना मी गाळली. रिपोर्टात ‘हुकूम मोडला’ एवढं लिहून भागलं नसतं, ब्रेकची तक्रार खरी निघाली असती तर उलट मीच अडकलो असतो. म्हणून मी लिहिलं, की ड्रायव्हर कामावर दारू पिऊन होता. त्यावर तात्याबाचा अंगठा घेतला, त्याला वाचून न दाखवता. गावी गेणबाला त्याच्या सख्ख्या भावाने दारात घेतलं नाही म्हणे, दारुडा म्हणून. तो रिपोर्ट मागे घ्यायला माझ्याकडे तीस वर्षांची नोकरी होती. नाही घेतला. भीतीने सुरुवातीला, नंतर लाजेने, आणि खरं सांगायचं तर रागानेही. कारण त्याने मला माफ केलं नाही, मग मी का वाकू?

भामाबाई लंगडत का होईना, नातवंडं बघून गेली. आवाज कुणाचा, नट कुणी काढले, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही आणि तुमच्याकडे असेल असं वाटत नाही. मला त्याच्याबद्दल शपथेवर सांगता येईल अशी एकच गोष्ट आहे. गेणबा दारूला शिवत नव्हता.