ओल्या फडक्याखालचा ताप

धुरपताबाईच्या हातची लंबी रोटी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं देवळी गावात राहून केलं काय, असं लोक म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. मातीचं मडकं चुलीवर उपडं घालायचं, खाली लाकडं पेटवायची, पाण्याला लाजवील अशी सैल कणीक घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवून तापल्या मडक्यावर अलगद सोडायची. सांगायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. कणीक घसरून पायावर पडते, नाहीतर मडक्याला हात लागतो आणि हा टरारून फोड येतो. धुरपताबाईच्या हातांवर येऊन येऊन शेवटी फोडच कंटाळले होते. नामकरण असो, लग्न असो, मटणाची पंगत असली की तिला बोलावणं यायचंच.

हे काम तिला सासूनं शिकवलं. नवरा लवकर गेला, आणि मग या रोट्यांवरच तिनं राकेशला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न केलं. सून आणली दीपमाला. पोरगी कमी बोलणारी, बाहेर चुलीवर बसायला कधी पुढं झाली नाही. धुरपताबाईनंही तिला बसवलं नाही. कणीक भिजव म्हणायची, आपटून आपटून तार आण म्हणायची, पण मडक्यापुढची जागा आपली. त्या जागेवर बसली की ती कोणाची विधवा नसायची, कोणाची आई नसायची. सरपंच आला तरी ताट घेऊन उभा राहायचा.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. ती तिनं एक अख्खा लगीनसराईचा मोसम पदराखाली दाबून ठेवली, कोणाला सांगितलं नाही. हट्टीपणाला काही औषध असतं तर डॉक्टरांनी आधी तेच दिलं असतं. शेवटी ऑपरेशन झालं आणि किमोचे डोस सुरू झाले. केस गेले. तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, बरं झालं, चुलीपुढं केस जळायची भीती गेली.

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट मात्र सासू-सुनेला समोर बसवून सांगितली. डोस झाल्यावर काही दिवस अंगात रोगाशी लढायचं बळच उरत नाही. तेव्हा साधा ताप आला तरी तो साधा समजायचा नाही. घरी गोळी खाऊन झोपायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, तासाभरात वर्ध्याला यायचं. नाहीतर माणूस हातचं जातं. आणि ताप वेळेवर कळावा म्हणून त्यांनी तिच्या दंडाला एक पट्टा बांधला. नवीनच निघाला होता, काही पेशंटना वापरून बघायला दिला होता. त्यात डबीएवढं यंत्र, ते कातड्याला चिकटून बसायचं आणि अंग तापलं की दीपमालाच्या मोबाइलवर कर्कश वाजायचं.

"गाईच्या गळ्यात घंटी, तशी माह्या दंडात," धुरपताबाई म्हणाली. पण बांधून घेतला. जगायचं तिलाही होतं. सगळे डोस पुरे करायचे हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, त्यात वाद नव्हता. वाद होता तो चुलीचा.

झालं असं की देवळीतल्याच एका घरचं लग्न होतं. रोटी तिचीच ठरली होती. आठवडाभर आधी निरोप आला, आता केटरर लावला आहे, तुम्ही आराम करा. धुरपताबाईला आराम कोणाला हवा होता? बिमार बाईच्या हातचं पाहुण्यांना कसं खाऊ घालायचं, हे त्या घरात बोललं गेलं होतं आणि बोललेलं देवळीत लपून राहत नाही. कॅन्सर काही रोटीतून पोटात जात नाही. पण हे लोकांना समजावत कोण बसणार? त्या दिवशी ती जेवली नाही. ऑपरेशनच्या वेळी जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती बाई त्या दिवशी मोरीत जाऊन रडली.

मग आंजी गावचे रूपराव आले. त्यांच्या पोरीचं लग्न होतं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटणाची पंगत द्यायची होती. त्यांना लोकांनी सगळं सांगितलं होतंच. ते म्हणाले, रोटी धुरपताबाईची, नाहीतर नुसता भात. एवढं बोलून, चहा पिऊन ते निघून गेले. त्या दिवसापासून धुरपताबाईच्या अंगात वारं भरलं.

पंगतीची तारीख नेमकी डोसानंतरच्या नाजूक दिवसांतच येत होती. दीपमालानं नाही म्हणून बघितलं, राकेशनं म्हणून बघितलं. चूल माही, हात माहे, असं म्हणून तिनं दोघांची तोंडं बंद केली. शेवटी एवढंच ठरलं की दंडाला पट्टा राहील, मोबाइल दीपमालाच्या कमरेला राहील आणि कणीक भिजवायला दीपमाला बरोबर येईल.

हात बसतो का बघावं म्हणून धुरपताबाईनं अंगणात मडकं मांडलं, तर पहिल्याच दिवशी पट्टा बोंबलला. दीपमालानं तिला तशीच उचलून ऑटोत घातली. दवाखान्यात थर्मामीटर लावलं तर ताप नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी नर्स हसली. मॅडम म्हणाल्या, चुलीच्या धगीनं यंत्र बाहेरून तापतं, तेव्हा चुलीपासून लांब राहा. आता मासोळीला पाण्यापासून लांब राहा म्हटल्यासारखंच झालं की! लांडगा आला रे आला म्हणत किती वेळा वर्धा गाठायचं, आणि आंजीच्या मांडवात भर पंगतीत हे वाजलं तर काय शोभा होईल, या विचारानं धुरपताबाईची झोप उडाली.

उपाय तिला तिच्या कामातच सापडला. चुलीवरच्या बाया धग लागू नये म्हणून हाताला ओलं फडकं गुंडाळतात. तिनं ते वर दंडापर्यंत गुंडाळलं, पट्ट्यावरून दोन वेढे दिले आणि मडक्यापुढं बसली. पट्टा गप्प. सुकलं की पुन्हा भिजवायचं. तिच्या हिशेबानं यात लबाडी काहीच नव्हती. चुलीची धग अडली, आता वाजेल तो खरा ताप. वरून पदर असायचा, त्यामुळं दीपमालाला वाटलं, पट्टा आता चुलीला सरावला.

आंजीच्या मांडवात सकाळपासून चूल धडधडत होती. पहिली पंगत उठली ती बोटं चाटत. ज्या घरानं तिला नाकारलं होतं, त्या घरचा एक पाहुणाही त्यात होता आणि त्यानं रोटी मागून घेतली हे धुरपताबाईनं तिरप्या डोळ्यानं बघून ठेवलं. दुसरी पंगत बसली. तिचे हात असे चालत होते की बायका कामं सोडून बघत उभ्या राहिल्या. फार दिवसांनी तिला बरं वाटलं.

आणि मग तिला थंडी वाजली.

मार्चची दुपार, पुढ्यात चूल, आणि पाठीतून हीव उठलं. तिनं पाट पुढं सरकवला. धग अंगाला लागेचना. पुन्हा सरकवला. आगीपुढं माणूस काकडतो तो कशानं, हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. तिनं दीपमालाच्या कमरेकडं बघितलं. मोबाइल मुका. ज्या यंत्राला ती रोज शिव्या घालायची, त्याच्यावर आज तिनं डोळे मिटून भरवसा ठेवला. वाजत नाही ना, मग ताप नाही. थकवा असेल. एक पंगत राहिली आहे, तेवढी उठली की जाऊ. दंडावरचं फडकं तिनं पुन्हा ओलं केलं.

तिसरी पंगत बसली आणि धुरपताबाईच्या हातातून रोटी घसरली. घसरली ती थेट चुलीत.  दीपमाला परातीवरून उठली. तिनं सासूच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग तिची नजर पदर सरकलेल्या दंडाकडं गेली. ओलं फडकं, त्याखाली पट्टा.  तिनं फडकं ओढून काढलं, दंड पदरानं कोरडा केला. थोडा वेळ गेला आणि मोबाइल जो ओरडायला लागला तो थांबेना.

"उठा आई. दवाखान्यात चाला."

"पंगत बसली हाय. येवढी उठू दे."

दीपमालानं दंड धरून ओढलं, पण बाई जमिनीत रोवल्यासारखी बसली होती. दात वाजत होते, तरी परातीतून नवी कणीक उचलली. खालच्या आवाजात म्हणाली, "आता उठली तं लोक काय म्हनतीन? बिमार बाई चुलीवरून उचलून नेली म्हनतीन. मंग मले जल्मात कोनी चुलीवर बसू देनार नाई. तुले समजत काऊन नाई?"

दीपमालाला समजत होतं. सगळं समजत होतं. तिनं इकडं तिकडं बघितलं. पाण्यानं भरलेली बादली जवळच होती. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि सासू आणि चूल यांच्या मध्ये शिरून, पार वाकून, अख्खी चुलीत ओतली.

वाफेचा आणि राखेचा लोट उठला. तापलेलं मडकं ठाडकन फुटलं. मांडवातले लोक उभे राहिले. लग्नघरची पेटती चूल, पंगत बसलेली, आणि त्यात पाणी! असं आंजीत कोणी पाहिलं नव्हतं. सोन्यासारख्या दिवशी हे काय केलं वो बाई, असं एक म्हातारी म्हणालीसुद्धा.

"घ्या, चूल नाई," दीपमाला म्हणाली. "आता उठा."

रूपराव धावत आले. त्यांनी विझलेली चूल बघितली, खापऱ्या बघितल्या, धुरपताबाईचा चेहरा बघितला. लोकांना म्हणाले, भात आहे, भात खा. आणि स्वतः गाडीची किल्ली आणायला गेले. स्वतःच्या पोरीच्या लग्नाची पंगत सोडून त्या माणसानं दोघींना वर्ध्याला नेऊन पोचवलं.

रक्तात इन्फेक्शन पसरायला लागलं होतं. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मॅडम राकेशला म्हणाल्या, संध्याकाळची वाट बघितली असती तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. हे धुरपताबाईच्या कानावर पडलं. तरी ती सुनेशी बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. डोळे मिटले की फुटलेलं मडकं दिसायचं आणि मांडवातले ते चेहरे. राकेश म्हणाला, आई, बोल ना तिच्याशी. ती म्हणाली, माह्या चुलीत पाणी ओतलं तिनं, काय बोलू?

ताप उतरला तेव्हा मॅडम कागद घेऊन आल्या. पट्टा वेळेवर का वाजला नाही, हे त्यांना लिहून पाठवायचं होतं. यंत्रातच खोट दिसते, असं त्या म्हणत होत्या. दीपमाला पटकन म्हणाली, पट्टा ढिला झाला असन मॅडम, माह्याच ध्यानात आलं नाई. धुरपताबाई भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. आपली चूक ही पोरगी अंगावर घेते आहे, आणि आपण तिचं तोंडही बघत नाही, याची तिला लाज वाटली. पण जीभ उचलली नाही.

मॅडम गेल्या. दीपमालानं खिचडीचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. ते ती डाव्या हातानं आणि दातानं उघडायला लागली. उजवा हात पदराखाली.

"हात दाखव," धुरपताबाई म्हणाली.

काही नाही म्हणत पोरीनं अंग चोरलं. धुरपताबाईनं सलाईनच्या हातानंच पदर बाजूला केला. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत पट्टी होती. वाफेनं कातडं सोललं होतं. त्याच दवाखान्यात खाली जाऊन तिनं गुपचूप पट्टी करून घेतली होती, राकेशलाही किरकोळ म्हणून सांगितलं होतं. आणि त्याच हातानिशी तिनं सासूचं अंग पुसलं होतं, लुगडी धुतली होती. तापल्या मडक्याची वाफ कशी कातडं सोडवते, हे धुरपताबाईला कोणी सांगायला नको होतं. या वेळी तिनं काही लपवलं नाही. पदर डोळ्याला लावून रडली.

मग डोळे पुसून तिनं नर्सला हाक मारली, मॅडमला परत बोलवा म्हणाली. मॅडम आल्या. "लिहा," ती म्हणाली, "यंत्राची काई खोट नाई. मी वरून ओलं फडकं बांधलं होतं. बाहेरची आग अडली तशी आतलीबी अडली. ह्या पोरीचा काई दोष नाई." मॅडम रागावल्या, आणि त्यांनी रागावायलाच हवं होतं. धुरपताबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पुन्हा पट्ट्यावर चिंधीही घालणार नाही, असं कबूल केलं.

मॅडम गेल्यावर तिनं डबा स्वतःच्या मांडीवर ओढला. खिचडीचा घास केला आणि दीपमालाच्या तोंडापुढं धरला. तुमच्यासाठी आणली आहे आई, असं दीपमाला म्हणत राहिली, पण ऐकतं कोण? पोरीनं घास घेतला. दुसरा घेतला. डोळ्यातलं पाणी खिचडीत पडत होतं, दोघींचंही.

"डोस सारे घेईन," धुरपताबाई म्हणाली. "एक सोडनार नाई. पन वैशाखात लय लग्नं हायेत. कोनी बलावलं तं मी चुलीवर बसनार. आत्ताच सांगून ठेवते तुले."

दीपमालानं घास गिळला. "बसा. मी बादली भरून बाजूले बसीन."

धुरपताबाईनं पुढचा घास उचलला. 

"ओतजो," ती म्हणाली. "पन हात सांभाळून ओतजो."