मागणी नसलेलं पान

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका कार्यालयात शिपाई आहेत आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीची पत्रकं लिहितात. गटारीचं पत्रक, शिष्यवृत्तीचं पत्रक, जयंतीचं पत्रक. उरलेल्या प्रती गादीखाली जायच्या आणि मी त्यावरच वाचायला शिकले. 'जाहीर आवाहन' हे मी स्वतः जुळवून वाचलेले पहिले शब्द.

चौथीत 'माझी शाळा' हा निबंध आला. त्यात मी शाळेची बाग, घंटा, मैदान सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'तरी मुलींसाठी पाण्याचं वेगळं पिंप ठेवण्यात यावं.' वर्ग हसला. बाईंनी मात्र वही मुख्याध्यापकांना नेऊन दाखवली आणि त्याच आठवड्यात पिंप आलं. लिहायचं ते कशासाठी, हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी सुटला.

वस्तीत पत्रकाचा एक नियम आहे. छापखान्यात जाण्याआधी ते बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर मोठ्यानं वाचायचं. ज्या ओळीला कुणी 'म्हंजी?' विचारेल, ती ओळ बदलायची. लिहिणारा कितीही शिकलेला असो, यातून सुटका नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या मराठीच्या मॅडमनी ठरवलं की पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक पुस्तिका काढायची. साहित्यप्रकार आणि संज्ञा, सोप्या शब्दांत, विद्यार्थ्यांनीच लिहिलेल्या. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला एकांकिका आली, कुणाला प्रवासवर्णन, कुणाला उपरोध. मला आला ललित लेख. एक पान लिहायचं होतं. वर आपल्या शब्दांत व्याख्या, खाली आपलाच छोटा नमुना.

ते पान मला फार हवं होतं. आदल्या वर्षी मी गाईडमधल्या व्याख्या अक्षरही न कळता पाठ केल्या होत्या, आणि पेपरात त्या ओतून आल्यावर स्वतःचाच संताप आला होता. आता माझ्या गल्लीतून कॉलेजात येणाऱ्या मुलींना निदान एक व्याख्या तरी कळावी, असं वाटत होतं.

नमुना मी भाकरीवर लिहिला. माझी आत्या शेजारीच राहते. ती आणि चारपाच बाया मिळून कडक भाकरी करून दुकानांना देतात. सोलापुरात कडक भाकरी सगळेच खातात, पण ती थापतानाचा आवाज ऐकत अभ्यास करणारे थोडेच. प्रत्येकीची थाप वेगळी. आत्याची दणकट आणि एका ठेक्यात. तिच्या थोरल्या सुनेची घाईची, मध्येच थांबणारी, कारण मांडीवर पोर. डोळे मिटले तरी कोण परातीपाशी बसलंय ते मी सांगू शकते. हे सगळं मी मनापासून लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'म्हणून या महिलांना चुलींवर पत्र्याची शेड त्वरित बांधून देण्यात यावी.'

मॅडमनी पान वाचलं आणि चष्मा काढला.

"शेवटच्या ओळीपर्यंत हा ललित लेख आहे. शेवटच्या ओळीत तो मोर्चा झाला."

"मग? शेड नकोय का त्यांना?"

"हवीच आहे. पण ललित लेख कुणाकडे काही मागत नाही गं."

"मागायचं नाही तर लिहायचं कशाला?"

"ते तू मला सांगायचंस. व्याख्या लिहायचं काम तुझ्याकडे आहे." आणि मग जरा कठोर होऊन म्हणाल्या, "सोमवारी सकाळी नीट पान आलं नाही, तर तुझ्या जागी गाईडमधली व्याख्या जाईल. छापखाना थांबणार नाही."

घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. उन्हात बसून भाकरी करणाऱ्या बायांवर सुंदर सुंदर लिहायचं आणि शेडचं नाव काढायचं नाही, ही मला बेइमानी वाटत होती. अण्णांना सांगितलं. ते सायकल पुसत होते.

"दोन कागद कर की," ते म्हणाले. "शेडचं पत्रक मी लिहितो. लई दिवस झाले, कुणी लिहिलंच न्हाय ते."

रविवारी संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर दोन्ही कागद वाचायचे ठरले. आधी अण्णांनी पत्रक वाचलं. नेटकं, चार मागण्यांचं. ते संपायच्या आत बाया उठल्या. एक सह्यांसाठी पेन आणायला गेली, दुसरी महापालिकेत निवेदन द्यायला कोणकोण येणार ते विचारायला समोरच्या घरी. आत्यानं पदर खोचला. "आत्ताच जायचंय का?" कुणीतरी हसून तिला म्हणालं, "अगं, आज रैवार हाय, तितं कुत्रंबी नसंल."

सगळ्या परत बसल्यावर मी माझी व्याख्या वाचली. जुळवून जुळवून केलेली, पण गाईडचा वास गेला नव्हता: लेखकाच्या आत्मनिष्ठ अनुभवाचा मुक्त आविष्कार म्हणजे ललित लेख.

"आत्मनिष्ठ म्हंजी?" आत्यानं लगेच विचारलं.

मी सांगायच्या आत तिची सून म्हणाली, "आत्म्यावर निष्ठा असंल."

"आन् आपण तर आत्मा मानतच न्हाय," आत्या म्हणाली. "विहारात बसून काय वाचायलीस पोरी?"

पायऱ्या हसून लोळल्या. अण्णासुद्धा. मी कागदावर काट मारली. नियम म्हणजे नियम. आता वर व्याख्या नव्हती आणि खाली नमुना होता. तो मी शेवटची ओळ सोडून वाचला. वाचून थांबले.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "फुडं?"

"पुढं नाही. एवढंच आहे."

"काय करायचं मग आमी?"

"काहीच नाही."

कुणी उठलं नाही. मला वाटलं, पडलं पान. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "माजी थाप मधीच थांबती, हे तुला घरात ऐकू येतंय व्हय?"

"रोज."

"मला वाटलं कुणाचं ध्यान नसंल."

मग दुसरी म्हणाली की तिच्या आईची थाप इतकी हलकी होती की भाकरी परातीत फिरतेय का नाही, तेच कळायचं नाही. तिसरीनं तिच्या सासूच्या थापेची नक्कल हातावर हात मारून करून दाखवली. आत्यानं तिला दुरुस्त केलं, सासू अशी नव्हे, अशी थापायची. दोघी भांडल्या. चूल पेटवायची वेळ होऊन गेली तरी बाया बसूनच होत्या. अण्णा पायरीच्या कडेला टेकून ऐकत होते. सह्यांचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता, आणि त्यांना घाई नव्हती.

मला बेइमानी वाटत होती ती कुठंतरी विरून गेली. शेडचं काम शेडच्या कागदानं सुरू केलं होतं. या कागदानं काय केलं ते माझ्यासमोर पायऱ्यांवर बसलं होतं. मी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, व्याख्या लिहिली आणि लगेच वाचून दाखवली. कुणी 'म्हंजी?' विचारलं नाही.

सोमवारी मॅडमनी पान वर्गाबाहेर उभ्या उभ्याच वाचलं. वर लिहिलं होतं:

'पत्रक वाचून माणसानं उठावं, अशी लिहिणाऱ्याची इच्छा असते. ललित लेख वाचून त्यानं थोडं बसावं, आणि त्याचं स्वतःचं काहीतरी त्याला आठवावं. लिहिणारा आपण पाहिलेलं, ऐकलेलं आपल्याच आवाजात सांगतो आणि वाचणाऱ्याला मोकळं सोडतो.'

"परीक्षेत हे लिहिलंस तर मार्क कापतील हं," त्या म्हणाल्या.

"मग परीक्षेनं बदलावं."

"त्याचं वेगळं पत्रक काढ," मॅडम म्हणाल्या, आणि पान छापखान्याच्या गठ्ठ्यात एकांकिकेच्या खाली सरकवलं.