पोरं माझीबी हायेत

कंपनीच्या निळ्या शर्टाच्या खिशाला माणसं पेन लावतात. त्याच्या खिशाला फणी असायची. अंगणवाडीच्या पायरीवर बसून, लेकीला दोन गुडघ्यांत धरून तो तिच्या वेण्या घालायचा आणि पुटपुटायचा, "हलू नगं बाय. भांग वाकडा झाला तर तुझी आई मला वाकडं बोलंल."

असा बाप तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पण आमच्या गावात तेव्हा तो एकटाच होता. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. सकाळी निम्मी माणसं रांजणगावच्या कंपन्यांच्या बसमध्ये चढतात, निम्मी उसात उतरतात. मी तिथल्या अंगणवाडीची बाई. पोरांना सोडायला आया यायच्या, आज्या यायच्या, फार तर एखादी आत्या. आणि ह्या सगळ्या लुगड्यापातळांच्या घोळक्यात रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेला हा गडी. एका हाताला चार वर्षांची थोरली, कडेवर दीड वर्षाचा धाकटा.

कंपनीत तो फोर्कलिफ्ट, म्हणजे खोकी उचलून फळीवर ठेवायची गाडी, चालवायचा. बायको दौंडला एका दवाखान्यात नर्स होती. ती सकाळच्या एसटीने जायची, दिवेलागणीला परत यायची. म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतलेली. दिवसा पोरांजवळ तो, रात्री ती. दोघांची गाठ पडायची ती दारात, एकमेकांच्या हातात पोरं देताघेता.

वेण्या त्याला वडिलांनी, आबांनी शिकवल्या होत्या. त्याच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. आता मेंढरं गेली, थोडी जमीन आली, पण म्हाताऱ्या आबांचे हात रिकामे राहत नसत. ते सतत कसली ना कसली दोरी वळत बसायचे. तीन पेडांची दोरी ज्याला येते त्याला वेणी येतेच, हे त्याचं म्हणणं. सुरुवातीला त्या वेण्या इतक्या घट्ट असायच्या की पोरीचे डोळे ताणले जायचे. मी एकदा सांगितलं, तेव्हा म्हणाला, "बाई, दोरी सैल वळली तर आबा वरडायचं. हात त्याच सवयीचा हाय." पुढे मात्र त्याचा हात मऊ झाला.

पारावरची माणसं त्याची मजा करायची. "काय, धुणीभांडी झाली का?" असं कुणी विचारलं की तो चालता चालता म्हणायचा, "झाली. तुमची राहिली असली तर द्या." 

आमच्याकडे पोषणाची माहिती सांगायला आयांची सभा असते. सभेला तो आला. दाराजवळ चपलांच्या शेजारी मांडी घालून बसला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तालुक्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं की आईला का नाही पाठवलं. तो म्हणाला, ती ड्युटीवर आहे, तुम्ही मला सांगा, मी तिला सांगतो. मग त्याने विचारलं, धाकटा माती खातो, त्याला काय करावं? हसणाऱ्या बायांनी तोंडावरचे पदर काढले, कारण माती त्यांचीही पोरं खात होती आणि विचारायची लाज त्यांनाच वाटत होती. त्या दिवशी सभा लांबली.

सगळं असं हसतखेळत चाललं होतं असं मात्र समजू नका. माणूस झोपेवाचून किती दिवस काढणार? धाकटा दुपारी झोपला की त्याच्याबरोबर जी झोप मिळेल तीच त्याची झोप. उभ्या उभ्या त्याची मान कलंडलेली मी पाहिली आहे.

एका दुपारी अंगणवाडी बंद करून मी घरी निघाले होते. उसाचे दिवस होते. रस्त्याने दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. रस्त्याच्या कडेला, अगदी डांबराला लागून, एक उघडं पोर ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं चोखत बसलं होतं. जवळ गेले तर ह्याचा धाकटा. मी त्याला उचललं तेव्हा मागून ट्रॉली गेली आणि तिच्या वाऱ्याने माझा पदर उडाला.

त्याच्या घरी गेले. आबा शेतावर गेलेले. तो दाराच्या उंबऱ्याला आडवा होऊन झोपला होता. मेंढवाड्यातली मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून मेंढपाळ वाटेत आडवा होतो, तसा. पोर त्याला ओलांडून गेलं होतं. थोरली आत भिंतीवर खडूने रेघोट्या ओढत होती. मी हाक मारली. त्याने डोळे उघडले, माझ्या कडेवरचं पोर पाहिलं, त्याच्या हातातलं उसाचं कांडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो उठला नाही. तिथेच बसून त्याने पोराला ओढून घेतलं आणि त्याचे पाय, हात, डोकं चाचपत राहिला.  मी पाणी दिलं, ते निम्मं सांडलं.

मग तो म्हणाला, "बाई, तिला तुम्ही सांगू नका."

मला वाटलं, हा लपवणार. पण तो पुढे म्हणाला, "मीच सांगतो. माझ्या तोंडनं कळू द्या."

संध्याकाळी बायको आली तेव्हा तिने पाय धुवायच्या आधी त्याने तिला सगळं सांगितलं. हे मला तिनेच नंतर सांगितलं. ती रडली, पण त्याला एका शब्दाने बोलली नाही. स्वतःलाच बोलत राहिली.

बातमी गावात फिरायला वेळ लागत नाही. वरवंडहून त्याची सासू आली, त्याचा थोरला भाऊ आला. पोर मलाच सापडलं म्हणून मलाही बोलावलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, तिने नोकरी सोडावी. पोरांपेक्षा नोकरी मोठी आहे का? ती खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, आता ही हो म्हणणार.

आबा कोपऱ्यात दोरी वळत होते. त्यांनी हातातली दोरी बाजूला ठेवली. "रानात मेंढी व्याली की कोकरू कोण उचलायचं?" त्यांनी थोरल्या लेकाला विचारलं. "तुझी आई का मी? दिसभर चालायचं, पोतडीत घालून खांद्याला. गड्याचंच काम हुतं ते. मग आत्ताच कशी लाज वाटाय लागली तुमाला?"

 तेव्हा पोरांचा बाप म्हणाला, "झोप मला लागली. मग काम तिनं का सोडायचं?"

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या साहेबांकडे गेला आणि कायमची दिवसपाळी मागितली. घरी लहान पोरं आहेत, हे कारण दिलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला हसू आलं. म्हणाला, असला अर्ज बायका करतात. ह्याने उत्तर दिलं, "बायका करत्यात म्हंजी करता येतो, सायेब. पोरं माझीबी हायेत."

साहेबांचं हसू थांबलं. पण फोर्कलिफ्टवर पाळ्या बदलत्याच असणार होत्या. कायम दिवसाची जागा फक्त स्टोअरमध्ये होती. खोकी मोजायची, लेबलं लावायची, आणि पगारही थोडा कमी. फोर्कलिफ्टचा त्याला फार अभिमान होता. भलं थोरलं खोकं तो बोटभरही डुलू न देता उंच फळीवर नेऊन ठेवायचा, असं त्याच्याबरोबरची पोरं सांगायची. त्याने स्टोअर घेतलं. मी विचारलं, वाईट वाटतं का? तो खोटं बोलला नाही. "वाटतं की. गाडीचा आवाज आला की हात शिवशिवत्यात," म्हणाला, आणि धाकट्याचं नाक पुसायला लागला.

दिवसा पोरांना मी सांभाळीन म्हटलं, आणि आमची घडी बसली. सकाळी ती एसटीला जाताना दोन्ही पोरं माझ्या घरी सोडायची. धाकट्याचं वय अंगणवाडीत बसण्याचं नव्हतं, पण तो बसायचा. दुपारी माझ्याच घरी जेवून दोघं झोपायची, आणि कंपनीची बस आली की तो न्यायला यायचा. झोप पुरी झालेला तो माणूस मला पहिल्यांदा दिसला तेव्हा कळलं, तो गाणंही म्हणतो. गळा काही बरा नव्हता.

पुढल्या आयांच्या सभेला दाराजवळ आणखी एक बाप येऊन बसला. पाटलांच्या घरातला, मिशीवाला. कुणी काही विचारू नये म्हणून सगळा वेळ मोबाइलमध्ये बघत होता. पण लस कधी द्यायची ते मॅडम सांगायला लागल्या तशी त्याने मान वर केली. त्यानंतर एकदोघे येतच राहिले.

पुढे धाकट्याच्या आईला सरकारी दवाखान्यात कायमची नेमणूक मिळाली. लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. गावाने पुन्हा विचारलं, आता हा काय करणार? हा म्हणाला, तिकडेही गोदामं असतील, तिथेही कुणीतरी खोकी उचलत असेल. आबांना त्याने बरोबर घेतलं.

सकाळी टेम्पो भरला. पुढे ड्रायव्हरजवळ ती आणि आबा बसले. मागे गाद्या, डबे, कपाट, आणि त्या सगळ्यात दोन्ही पोरांना घेऊन पाय पसरून तो. आम्ही बाया रस्त्यावर उभ्या होतो. टेम्पो हलला तसं थोरलीला भीती वाटली, तिने त्याचा एक हात घट्ट धरला. धाकटा दुसऱ्या दंडाला टेकून बसला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याने नुसती मान हलवली, आणि वळणापर्यंत हलवतच राहिला.