इमारत माझ्या साडीपर्यंत

मांडवी बंदरावर काचेचं सात मजली हॉटेल होणार, ही बातमी आमच्या आळीत आली तेव्हा मी हातातलं काम टाकून शेजारीपाजारी सांगत सुटले. कारण उघड आहे. माझा मुलगा हॉटेलचं शिक्षण घेऊन मस्कतला गेलेला, आणि आमचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. ड्यूटी संपवून पोरगा घरी जेवायला येईल, एवढंच मला दिसत होतं. काच असो की कौल, सात मजले असोत की सतरा, माझं काही म्हणणं नव्हतं.

आमच्या ह्यांचं मात्र होतं. हे जन्मभर बोटीवर. जगातली बंदरं बघून झाली की माणूस आपल्या बंदराबाबत जास्तच हट्टी होतो. म्हणाले, "समुद्रावरून येताना आधी माड दिसायला हवेत. काचा काय बघायच्या?" मी म्हटलं, "तुम्ही आता कुठे समुद्रावरून येता? येता ते बाजारातून, तेही कोथिंबीर विसरून." त्यावर दोन दिवस अबोला.

पण गावात तरी दुसरं काय चाललं होतं? रिक्षात तेच, मासळीबाजारात तेच, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता तेच. कोण म्हणे जुन्या बंदराची शोभा जाईल, कोण म्हणे शोभेवर पोट भरतं का. मला तर हे दिवस भारी आवडले. एरवी आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायला कंटाळतं.

मग जनसुनावणी लागली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी आधी उठले. म्हटलं, "साहेब, आमची मुलं परमुलखात दुसऱ्यांच्या चादरी घालतायत. त्यांना इथे घालू दे." टाळ्या पडल्या. मग हे उठले. "साहेब, ह्या बाईंचं मत मी घरी रोज ऐकतो," म्हणाले, "पण बंदर त्यांच्या एकटीचं नाही." त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरी गंमत पुढे. हॉटेल कंपनीने लावलेल्या चित्रात इमारत माडांच्या आड नव्या नवरीसारखी लाजून उभी होती. एक म्हणे, ही माडांच्या दुप्पट जाणार. दुसरा म्हणे, छे, शेंड्याला टेकेल फार तर. कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी सुनावणी घेणारे साहेब वैतागले. "जागेवर तेवढ्या उंचीची काठी उभी करून दाखवा, म्हणजे सगळ्यांना कळेल."

आता दर शिमग्याला होळीसाठी सुरमाडाचं अख्खं झाड खांद्यावर नाचवत आणून उभं करणाऱ्या गावाला काठी उभी करायला सांगायचं म्हणजे काय होणार? रविवारी अख्खी आळी बंदरावर. सुरमाड आला, उंची पुरी करायला वर बांबू जोडले. त्यांच्या गाठी ह्यांनीच मारल्या, बोटीवरच्या. टोकाला लाल फडकं. दोर ओढायला राजिवड्याच्या मोहल्ल्यातलीही पोरं आली, माझी शेजारीण भाभी कळशीभर सरबत घेऊन आली. कुणीतरी ढोल काढला. ढोल वाजला की आमची माणसं माणसांत राहत नाहीत. "ओढा रे" म्हणून मी अशी ओरडले की पुढे आठवडाभर घसा बसला.

काठी डुलत डुलत उभी राहिली आणि सगळे वर बघायला लागले. अर्धे म्हणाले, "बाप रे, एवढी?" अर्धे म्हणाले, "हात्तिच्या, एवढीच?" म्हणजे भांडण जिथल्या तिथे.

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. ढोल चालू, काठी उभी, समोर एवढा गाव; आमचे होळीचे मानकरी सवयीने पुढे झाले, बुंध्याशी नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लागले. आणि आम्ही, बाजूचे काय नि विरोधातले काय, सवयीने प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणत गेलो. मीही म्हटलं, बसलेल्या घशाने.

संध्याकाळी कंपनीची माणसं काठी उतरवायला आली, तर मानकरी म्हणाले, "आता ती देवाची झाली. शिमगा झाल्याशिवाय हलायची नाही."

"अहो, पण ती नुसती चाचणी होती."

"तुमची असेल," मानकरी म्हणाले.

काठी राहिली. जाता येता सगळे तिच्याकडे बघत आणि नव्याने भांडत.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. सुनावणीचं त्याला कुणीतरी कळवलं होतं. "आई, बाबा विरोधात बोलले म्हणे," म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मी परत यायला त्यांना नको आहे का गं?" मी फोन ठेवला आणि ह्यांना फैलावर घेतलं. तो काय म्हणाला ते शब्दाशब्दाने सांगितलं. हे ताटावरून उठून गेले.

सकाळी भाभी धावत दारात. "तुमचे ते काठीवर चढलेत."

ह्या वयात! मी अनवाणी पळत सुटले. बंदरावर पोचले तर हे सुरमाडावरून खाली उतरत होते, गुडघे सोललेले. आणि वर, माडांच्या शेंड्यांच्या जरा खाली, माझी जांभळी नारायणपेठ फडफडत होती. वलणीवर वाळत होती तिथून उचललेली, न विचारता.

"तिथपर्यंत चालेल," हे धापा टाकत म्हणाले. "चार मजले बसतात."

"आणि माझी साडी?"

"दुसरी घेऊ. ही लांबून दिसते."

रागवू की रडू, कळेना. दोन्ही केलं. देवाला साडी चालते, म्हणून मानकऱ्यांनीही तक्रार केली नाही.

पुढच्या सुनावणीत साहेबांनी विचारलं, "गावाला नेमकी किती उंची मान्य आहे?" सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "साडीपर्यंत." साहेबांना काय ते समजावून सांगावं लागलं. कंपनीवाले आधी कुरकुरले, मग त्यांनी वर चढून साडीपर्यंतची उंची मोजली आणि चार मजल्यांवर आले. मी उठून म्हटलं, मलाही चार चालतील. समोर बसलेल्या ह्यांनी मान डोलावली, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. कधी एकदा सांगते असं मला झालेलं, पण ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला. एरवी "बरा आहेस ना" एवढं म्हणून फोन माझ्याकडे देणारा माणूस.

"चार मजले ठरलेत," हे म्हणाले. "बांधून झालं की तू ये. घरी ये."

पलीकडून पोराचा आवाज मलाही ऐकू आला, "आईने सांगितलं का असं म्हणायला?"

"तिला कोण विचारतंय," हे म्हणाले. "मी बोलावतोय."