मुंडण झालेले कांदे

आमच्या घरात लग्न झालेल्या मुलीला पावसाळ्याआधी माहेरच्या कांद्याची एक माळ जाते. पात न कापता वाळवलेले पांढरे कांदे, पातीलाच पात गुंफून केलेली हातभर लांब माळ. ती सासरी चुलीच्या वर टांगतात आणि येणारा-जाणारा पाहतो. माळ आली नाही, तर माहेर आटोपलं असं समजतात. बाबा गेले त्या वर्षी बहिणीला माळ गेली नाही. पुढच्या वर्षी तिने फोनवर विचारलं, "दादा, यंदा कांदा लावलास?" मी छाती फुगवून म्हणालो, "लावलाय की!" आणि फोन ठेवल्यावर कुदळ शोधायला लागलो.

बाबांचं काम मी कधी पाहिलं नव्हतं. ते वाफ्यात असत तेव्हा मी ऑफिसात फायली सरकवत असे. आता निवृत्त झाल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका परसबाग-ग्रुपात शिरलो. तिथले सगळ्यात मोठे जाणकार नालासोपाऱ्यात सातव्या मजल्यावर राहत. त्यांची जमीन म्हणजे गॅलरीतले दोन टब. त्यात मेथी. पण आवाज असा, की साऱ्या गास गावची शेती त्यांनीच वसवली असावी. आणि ज्याच्या घरामागे पिढ्यान् पिढ्या कांदा पिकला तो मी, "सर, आता काय करू?" असं रोज सकाळी त्यांना विचारत होतो.

सर म्हणाले रोज पाणी, तर मी रोज पाणी घातलं. शेजारच्या काकांनी कुंपणावरून सांगितलं, "अरे, पातीच्या माना पडायला लागल्या, कांदा तयार झाला. आता पानी तोड." त्यांना ग्रुपवर कोण विचारतं! मी त्यांच्याकडे पाहून दयेने हसलो आणि नळी आणखी थोडी सोडली.

कांदे उपटले त्या दिवशी सरांचा हुकूम आला, की पात मुळापासून छाटा, माल स्वच्छ दिसतो. मी कात्री घेऊन बसलो आणि एकूण एक कांद्याचं मुंडण केलं. फोटो टाकला. अंगठे आले, फुलं आली, कोणी तर हात जोडले. मी खुशीत असतानाच बायको मागच्या दारी आली. पाटीतले गुळगुळीत कांदे पाहून ती म्हणाली, "छान झालेत. माळ कशाची करणार?"

ग्रुपवर विचारलं. सर म्हणाले, माळेची पद्धत आता जुनी झाली.

दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याच्या बाजारात एका बाईकडून मी चांगली घसघशीत माळ विकत घेतली. वर लाल काठाच्या चिंधीची गाठ होती. माळ खांद्यावर टाकून राजोडीला बहिणीकडे गेलो, सासूबाईंच्या देखत तिच्या हातात दिली आणि वर म्हणालो, "आपल्या वाडीतली!"

बहिणीने माळ फिरवून पाहिली. गाठ पाहिली. सासूबाई चहा टाकायला आत जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "दादा, ही माझ्या साडीची किनार. ही माल मीच गुंफलेय. परवा आमच्या जावेनं बाजारातल्या बाईला विकली." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "बाबांनी मला शिकवलेलं," ती म्हणाली. "तू कवा बसलास त्यांच्याजवल?"

मग मी सगळं सांगितलं. सातव्या मजल्यापासून कात्रीपर्यंत. ती हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "ते बोडके कांदे घेऊन ये. असतील तसे."

तसाच स्कूटरवरून घरी गेलो आणि पिशवी भरून आणली. तिने सासूबाईंसमोरच पिशवीतला एक कांदा काढला, ओट्यावर ठेवून बुक्कीने फोडला, मीठ लावलं आणि एक पाकळी तोंडात टाकली.

"पानचट झालाय," ती म्हणाली. "बाबांचा असा नसायचा."

आणि तिने तो अख्खा संपवला.