सीलबंद वीज

उभी हयात दादांनी सरकारी तिजोरी राखली. काय रुबाब होता त्या सोन्याचा! देशातली एकेक नोट त्याच्या जिवावर ऐटीत फिरे, आणि सोनं आपलं तळघरात गाढ झोपलेलं. ना खायला मागे, ना प्यायला. दार लावा, लाखेचं सील ठोका, घरी जा. ताबा देता-घेताना कुणी विटा मोजत नसे. सील शाबूत, म्हणजे आतलं शाबूत.

मग वरून हुकूम आला, यापुढे नोटेमागे सोनं नाही, साठवलेली वीज. सोनं गाड्यांतून गेलं, त्याच्या जागी कपाटाएवढ्या बॅटऱ्या आल्या. दादांनी त्यांचीही तशीच बडदास्त ठेवली. फक्त त्या चार्ज करायची, भरणीची तार उंबऱ्यावरून आत जात होती, तिच्यापायी दार बसेना. दादांनी तार काढून गुंडाळून ठेवली, दार ओढलं, सील ठोकलं.

आज निवृत्ती. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "अहो, संध्याकाळची गाडी आहे. लेक वाट बघतेय. त्या तळघराचा संसार आटपा आता." दादांनाही तेच हवं होतं. झोपूनही जात नाही असा शीण अंगात मुरला होता.

नवा राखणदार शिट्टी वाजवत आला. सीलवर टॉर्च मारून म्हणाला, "शाबूत आहे, दादा. आणा किल्ली, करा सही, सुटा."

दादांनी किल्ली काढली खरी, पण दाराला टेकलेला हात तिथेच राहिला. सुरुवातीला आतून बारीक गुणगुण यायची. आता नुसता शुकशुकाट.

"उघडू या."

"कशाला? सोनं होतं तेव्हा उघडायचात?"

"सोन्याची गोष्ट वेगळी."

सील फोडलं. आत बॅटऱ्यांवरचा, वीज दाखवणारा काटा अर्ध्याच्याही खाली लोळत होता. तार नाही म्हणून भरणी नाही, आणि होती ती वीज बसल्याजागी झिरपून गेलेली.

पठ्ठ्या हबकला. मग हळूच म्हणाला, "दुसरं सील ठोकू. मी काही पाहिलं नाही. नोट देऊन वीज मागायला येतंय कोण इथं?"

"आणि आलं तर?"

"तेव्हा तुम्ही लेकीकडे चहा पीत असाल."

मोह गोड होता. दादा हसलेही. "आणि तू इथे घाम पुसत. नको रे बाबा."

त्यांनी खात्याच्या साहेबीणबाईंना फोन लावला. बाई कडाडल्या, "वीज आहे ती, ठेवणीतले कपडे नव्हेत! भरून निघेपर्यंत ताबा तुमच्याकडेच. भरणीची वीज विकत घ्या."

"पैसे?"

"नोटा छापतोच आहोत की."

"म्हणजे नोटेला टेकू विजेचा, आणि विजेला नोटेचा?"

बाईंचा आवाज उतरला. "दादा, तुम्ही तार लावा."

त्यांनी तार लावली, दार उघडंच ठेवलं आणि घरी फोन केला. "तू हो पुढे. मी मागाहून येतो."

"एकटी जाऊन लेकीला काय तोंड दाखवू? तिकिटं परत करते," बायको म्हणाली. रागावलीसुद्धा नाही, हेच दादांना जास्त लागलं.

नवा गडी केव्हाच पसार झाला होता. दादा पायरीवर बसून काट्याकडे बघत राहिले. तो हलतोय की नुसता भास होतोय, ते काही कळेना.